स्प्रिंट संपतो, काम संपत नाही: उरलेल्या स्टोरींचं तुम्ही काय करता?

अरुणावतीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिग्रस तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. आमची टीम सात जणांची आहे. मी इथे, एक जण दारव्ह्याजवळ, एक पुसदला आणि बाकी चौघं पुण्यात. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीचं अ‍ॅप्लिकेशन करतोय. बियाणे-खताचं मॉड्यूल चालू झालंय. काट्यावरची पावती, ओलाव्याची कपात आणि शेतकऱ्याचा हिशेब हे बाकी आहे. दसरा-दिवाळीत कापूस यायला लागला की हे चालूच पाहिजे, त्याला दुसरी तारीख नाही.

स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या मुदतीतला कामाचा टप्पा, आमचा दोन आठवड्यांचा. गेल्या चार स्प्रिंटमध्ये दर वेळी १०-१२ स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) घेतल्या आणि सहाच्या आसपास पूर्ण झाल्या. उरलेल्यांबद्दल स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, एकच उत्तर मिळतं, '८० टक्के झालंय, थोडंच राहिलं'. शुक्रवारी स्प्रिंट बंद करताना जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) विचारतं की उघड्या स्टोरी पुढच्या स्प्रिंटला न्यायच्या की बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत. आम्ही विचार न करता पुढच्या स्प्रिंटवर टिचकी मारतो. 'काटा पावती' नावाची एक स्टोरी अशी चार स्प्रिंट फिरतेय. ८ पॉइंटची आहे (पॉइंट म्हणजे काम किती मोठं त्याचा अंदाज), अजून उघडीच आहे.

आता मॅनेजरने तीन उपाय सुचवलेत. अर्धवट स्टोरीचे अर्धे पॉइंट धरायचे. काम राहिलं तर स्प्रिंट दोन दिवस वाढवायचा. आणि कोणाची स्टोरी राहिली त्याचं नाव शीटमध्ये लिहायचं. तिसरा उपाय ऐकल्यापासून मला झोप लागत नाही, कारण टीममधली दोघं अगदी नवीन आहेत. तुमच्याकडे काय करतात ते सविस्तर सांगा ना जी.

जुना_जावा_गडी | सोमवार, रात्री १०:१५

भाऊ, एवढं मनावर घेऊ नका. काम कॅलेंडर पाहून संपत नसतं. उरलं तर सोमवारी पुढे सुरू करायचं. आम्ही कित्येक वर्षं तेच करतो.

काळीमाती | सोमवार, रात्री ११:०२

माझं माहेर वर्ध्याकडचं. आता पुण्यात स्क्रम मास्टर आहे, म्हणजे स्क्रम या स्प्रिंटवाल्या पद्धतीने काम करायला टीमला मदत करते. जावा गडी म्हणतात तसं काम उरणं अधूनमधून होणारच, त्यात लाज नाही. पण चार स्प्रिंट सलग निम्मं काम उरतंय म्हणजे तुमच्या नियोजनात दुखणं आहे, आणि सवयीने पुढे ढकलल्यामुळे ते दिसत नाहीये.

तुमच्या तिन्ही उपायांवर एकेक करून बोलते.

स्प्रिंट वाढवू नका. ठरलेल्या दिवशी थांबल्यामुळेच आपल्याला कळतं की कामाच्या दहा दिवसांत आपण खरोखर किती करतो. एकदा दोन दिवस वाढवले की पुढच्या वेळी सगळ्यांच्या मनात बारा दिवस असतात, आणि मागच्या स्प्रिंटशी तुलना करायला काही उरत नाही.

अर्धे पॉइंट धरू नका. स्क्रमच्या नियमपुस्तिकेत, २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये, स्पष्ट आहे की जे डेफिनिशन ऑफ डनला ('पूर्ण' कशाला म्हणायचं याच्या ठरलेल्या अटींना) उतरत नाही ते स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूमध्ये दाखवायचंही नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगला परत जातं. पुढच्या स्प्रिंटला आपोआप जात नाही, बॅकलॉगला परत जातं. हा फरक लहान वाटतो, पण सगळा मुद्दा तिथेच आहे. बॅकलॉगला गेलं की प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवणाऱ्याला, पुन्हा विचारावं लागतं की आज, आत्ता, बाकी सगळ्या कामांपुढे हे अजून सगळ्यात महत्त्वाचं आहे का. बहुतेक वेळा उत्तर 'हो' येतं आणि ती स्टोरी दहा मिनिटांत पुढच्या स्प्रिंटमध्ये येऊन बसते. पण तो 'हो' कोणीतरी विचारपूर्वक म्हटलेला असतो.

आणि नावाची शीट. त्यावर मी उद्या लिहीन, आता लिहिलं तर रागात लिहीन.

अरुणावतीकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

ताई, अर्ध्या पॉइंटबद्दल एक शंका. मॅनेजर म्हणतात, ८ च्या स्टोरीतलं ५ चं काम पोरांनी केलंय, ते शून्य धरणं अन्याय आहे. मला त्यांचंही पटतं.

काळीमाती | मंगळवार, दुपारी १:१०

अन्याय तेव्हाच होतो जेव्हा पॉइंट ही मजुरी समजली जाते. पॉइंट अंदाजासाठी आहेत. दसऱ्यापर्यंत काय काय होईल हे त्या शेतकरी कंपनीला सांगता यावं म्हणून. '५ चं झालं' हे कोणी मोजलं? ज्याने काम केलं त्याच्या मनाने. मग चार स्टोरींचे पाच-पाच पॉइंट मिळून व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) २० दिसते, आणि काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एकही पावती नसते.

दोन प्रामाणिक रीती आहेत. पहिली: स्टोरीचा आकडा ८ च ठेवायचा आणि ज्या स्प्रिंटमध्ये संपेल तिथे पूर्ण ८ धरायचे. हा स्प्रिंट कमी दिसेल, पुढचा जास्त, तीन-चार स्प्रिंटच्या सरासरीत ते जुळतं. दुसरी: बॅकलॉगला परत गेल्यावर उरलेल्या कामाचा नव्याने अंदाज करायचा. ८ चे ३ झाले तर ३. मग मधले ५ कुठेच मोजले जात नाहीत, व्हेलॉसिटी जरा कमी दिसते, पण पुढचा अंदाज फुगत नाही. मी पहिली वापरते, कारण त्यात वाद कमी होतात. मात्र पुढच्या स्प्रिंटला किती काम घ्यायचं हे ठरवताना 'याचं ३ इतकंच काम उरलंय' हे लक्षात ठेवायचं.

आता शीट. स्क्रम गाइडच्या सुरुवातीच्या काळात टीम स्प्रिंटच्या कामाची 'कमिटमेंट' देते अशी भाषा होती. २०११ मध्ये गाइडचे लेखक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ती बदलून 'फोरकास्ट' केली, कारण लोक तिला वचन समजून टीमला धारेवर धरू लागले होते. २०२० च्या आवृत्तीत कमिटमेंट हा शब्द परत आला, पण तो स्प्रिंट गोलसाठी, म्हणजे त्या स्प्रिंटच्या एका उद्दिष्टासाठी. स्टोरींच्या यादीसाठी नाही. तुमचा स्प्रिंट गोल काय असतो?

अरुणावतीकाठ | मंगळवार, दुपारी १:४५

गोल म्हणजे... 'खालील ११ स्टोरी पूर्ण करणे' असं लिहितो आम्ही.

खारपाणपट्टा | मंगळवार, रात्री ८:२०

मी दर्यापूर तालुक्यातली. नोकरीचं दुसरं वर्ष. मागच्या ठिकाणी अशीच शीट होती म्हणून लिहितेय.

पहिल्याच महिन्यात माझं नाव त्यात दोनदा आलं. तिसऱ्या स्प्रिंटला काय केलं सांगते. शुक्रवारी सकाळी स्टोरी 'पूर्ण'मध्ये सरकवली. एकाच बाबतीत तपासली होती, बाकीच्या चार तशाच होत्या. कोणाला काही कळलं नाही. तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून चूक परत आली आणि ती शोधायला मला दोन रात्री लागल्या. घरी सगळे झोपलेले आणि मी एकटी लाइट लावून बसलेली. तेव्हा मला मदत मागायची होती, पण मदत मागितली की 'राहिलंय' हे कबूल करावं लागलं असतं. दादा, तुमच्या टीममधल्या त्या दोन नवीन मुलांसाठी तरी ही शीट होऊ देऊ नका.

अरुणावतीकाठ | मंगळवार, रात्री ८:४१

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं नाव न घेता हे मी मॅनेजरना दाखवतो.

कपाशी_ते_कोड | मंगळवार, रात्री १०:३०

मी केळापूर तालुक्यातला. घरी सात एकर कापूस, दिवसा नोकरी. वाचून रायलो व्हतो, आता लिहितो.

आपल्या इकडं फरदड म्हणजे काय हे कोनाले सांगायची गरज नाई. वेचे संपले, पराटी (कपाशीचं झाड) उपटून रब्बीची तयारी करायची, तर मानूस म्हनते अजून दोन बोंडं हायेत, एक पानी देऊ, थोडं खत टाकू, फुकटचा कापूस निघन. थो फुकटचा नसते. त्या उरलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आन् पुढच्या हंगामात नव्या पिकावर उतरते. २०१७ च्या खरिपात बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं थे आपन डोळ्यानं पाह्यलं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था तेव्हापासून सांगून रायली, डिसेंबरात कापूस मोकळा करा, फरदड घेऊ नका, पराट्या शेतात ठेवू नका.

तुमची 'काटा पावती' ही फरदड हाये भाऊ. तिच्यावर चार स्प्रिंट पानी देऊन रायले तुमी. तिच्यातला कोड जुना होऊन रायला, खालचा कोड बदलून रायला, आन् जुळवायले बसलं की नव्या स्टोरीलेबी कीड लागते. तुमची ब्रँच, म्हंजे कोडाची वेगळी काढलेली प्रत, किती दिवसांची हाये? मुख्य कोडात मर्ज केव्हा केली व्हती?

अरुणावतीकाठ | बुधवार, सकाळी ७:०५

ब्रँच सात आठवड्यांची आहे. एकदाही मर्ज केलेली नाही. दारव्ह्याचा मित्र काल म्हणाला, मर्ज करायला बसलो तर दोन दिवस त्यातच जातील.

कपाशी_ते_कोड | बुधवार, सकाळी ७:२०

मंग थेच पहिलं काम. जे लगेच पुढं न्यायचं हाये त्याचा कोड फीचर फ्लॅगच्या (कोडातल्या चालू-बंद बटनाच्या) मागं बंद ठेवून मुख्य कोडात आना, रोज थोडा थोडा. जे बॅकलॉगात खाली जानार हाये आन् दोन महिने कोनी हात लावनार नाई, त्याची ब्रँच मोडून टाका. काय कळलं, कुठं अडलं थे स्टोरीत चार ओळीत लिहून ठेवा. कोड परत लिहिता येते, समजलेलं इसरून जाते.

टेस्टिंगवाली_हिंगणघाट | बुधवार, दुपारी ३:१५

मला एकच विचारायचंय. टेस्टर किती आणि त्यांच्याकडे काम कधी येतं?

अरुणावतीकाठ | बुधवार, दुपारी ३:५०

एक. पुण्यात आहे. दुसऱ्या आठवड्याच्या बुधवार-गुरुवारी येतं.

टेस्टिंगवाली_हिंगणघाट | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मग उत्तर मिळालं. आठ दिवस तो माणूस वाट पाहतो आणि शेवटच्या दोन दिवसांत त्याच्यावर दहा स्टोरी पडतात. मी अशी दोन वर्षं काढलीत. शुक्रवारी सगळे मला विचारायचे, 'झालं का?' आणि बोर्डवर सगळं 'टेस्टिंग' रकान्यात अडकलेलं, म्हणजे जणू उशीर मीच केला.

तुम्ही '८० टक्के झालंय' म्हणता ना, त्याचा अर्थ 'माझं झालंय, दुसऱ्याचं सुरू व्हायचंय' असा असतो. पहिली स्टोरी तिसऱ्या दिवशी टेस्टिंगला आली पाहिजे. त्यासाठी ती लहान पाहिजे, आणि सातही जणांनी सात वेगळ्या स्टोरी उघडून बसायला नको. दोघं-तिघं मिळून एक स्टोरी संपवा, मग पुढची घ्या. टेस्टर अडकला तर डेव्हलपरने तपासायला बसावं. त्यात कोणाचा मान कमी होत नाही.

संत्र्याची_बाग_मोर्शी | बुधवार, रात्री ९:१०

ताईंच्या म्हणण्याला गणिताचा आधार देतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एका वेळी उघडी असलेली कामं भागिले रोज संपणारी कामं. हे सरासरीचं सूत्र आहे, काम बऱ्यापैकी एका चालीने होत असलं की लागू पडतं.

तुमचे आकडे घाला. दहा दिवसांत ६ स्टोरी संपतात, म्हणजे रोज ०.६. उघड्या आहेत १२. १२ भागिले ०.६ म्हणजे २० कामाचे दिवस. म्हणजे तुमच्याकडे एक स्टोरी सुरू केल्यापासून संपायला सरासरी दोन स्प्रिंट लागणार, हे ठरलेलंच आहे. पोरं कितीही राबली तरी. आता उघड्या स्टोरी ४ वर आणा आणि संपण्याचा वेग तोच धरा. ४ भागिले ०.६, सात दिवसांच्या आत. एक तासही जास्त काम न करता स्टोरी स्प्रिंटच्या आत बसली.

डवरणीला सगळ्या वावरात एकेक तास घालून कोणी पुढच्या वावरात जात नाही, एक वावर संपवतो.

जुना_जावा_गडी | बुधवार, रात्री १०:००

मोर्शीच्या भाऊंनी आकडे मांडल्यावर मला माझं पहिलं उत्तर अपुरं वाटतंय. तरी एक बाजू सांगतो. आमची टीम सपोर्टची आहे, आम्ही स्प्रिंट सोडूनच दिले आणि कानबान घेतलं, म्हणजे मुदतीचे टप्पे न पाडता बोर्डवर काम सतत पुढे सरकवायचं. तिथे स्प्रिंटचा शेवटच नाही, त्यामुळे 'उरलेलं' असं काही नसतं. पण एका रकान्यात तीनपेक्षा जास्त कामं चालत नाहीत, आणि कोणतं काम किती दिवसांपासून उघडं आहे हे रोज सकाळी पाहतो. 'पुढे सुरू करायचं' हे आम्हाला चालतं ते या दोन गोष्टींमुळे. ते मी आधीच लिहायला पाहिजे होतं.

अरुणावती भाऊ, तुमच्या बियाणे मॉड्यूलचे फोन येतात का?

अरुणावतीकाठ | बुधवार, रात्री १०:२०

पेरणीच्या दिवसांत रोज यायचे. अजूनही येतात, दुबार पेरणीवाले शेतकरी आहेत. दुकानातून फोन आला की हातातलं टाकून तिकडे पळावं लागतं, शेतकरी काउंटरवर उभा असतो. हे काम आम्ही स्प्रिंटमध्ये धरतच नाही.

जुना_जावा_गडी | बुधवार, रात्री १०:३२

धरा. आठवड्याला एक जण फक्त फोनसाठी ठेवा, आळीपाळीने. त्याला स्टोरी देऊच नका. फोन नसतील तेव्हा तो टेस्टिंगला मदत करेल.

काळीमाती | गुरुवार, दुपारी १२:४०

'काटा पावती'त नेमकं काय काय आहे ते लिहाल का?

अरुणावतीकाठ | गुरुवार, दुपारी १:३०

भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, फरक. वजन काट्याच्या डिस्प्लेमधून आरएस-२३२ केबलने थेट संगणकात. ओलाव्याची नोंद, ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर असेल तर खरेदीच नाही, सीसीआयसारखंच (भारतीय कापूस महामंडळ). पावती छापणं. शेतकऱ्याला एसएमएस. नेट गेलं तर ऑफलाइन चालणं, आलं की जुळवणं. अडलंय ते केबलपाशी. दोन जिनिंगमधले काटे वेगवेगळ्या बनावटीचे आहेत, दोघांचा डेटा वेगळ्या पद्धतीने येतो.

काळीमाती | गुरुवार, दुपारी २:१५

ही एक स्टोरी नाही, निदान पाच आहेत. आणि तुम्ही सगळ्यात अवघड तुकड्याच्या मागे बाकीचे चार अडकवून ठेवलेत.

पहिली स्टोरी: काटेवाला दोन्ही वजनं हाताने टाकेल, पावती छापली जाईल. बस. एवढं असलं तरी दसऱ्याला खरेदी सुरू होऊ शकते. दुसरी ओलाव्याची कपात. तिसरी ऑफलाइन, ती तुमच्या भागात लवकर लागेल. मग केबल, एका काट्यासाठी. मग दुसऱ्या काट्यासाठी. एसएमएस कधी हवा ते शेतकरी कंपनीला विचारा.

तोडताना एक सांभाळा. 'डेव्हलपमेंट' आणि 'टेस्टिंग' असे तुकडे करू नका. स्प्रिंटच्या शेवटी आकडे सावरायला लोक असं करतात: कोड झाला ती एक स्टोरी 'पूर्ण', टेस्टिंगची दुसरी पुढे. तो मॅनेजरांच्या अर्ध्या पॉइंटचाच दुसरा प्रकार आहे. तोडलेला तुकडा एकटा वापरता आला पाहिजे आणि डेफिनिशन ऑफ डनला एकटा उतरला पाहिजे. तसा तुकडा खरंच तयार असेल तर तो खुशाल मोजा आणि उरलेल्याची नवी स्टोरी करा.

आणि गोल असा लिहा: 'काटेवाला एका गाडीची पावती हातात देऊ शकेल.' मग अकरापैकी दोन स्टोरी राहिल्या तरी गोल गाठला की नाही हे सगळ्यांना कळेल.

खारपाणपट्टा | गुरुवार, रात्री ९:००

+१. हे मी प्रिंट काढून टेबलासमोर लावणार आहे.

अरुणावतीकाठ | सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:१५

मंडळी, तीन स्प्रिंट झाले. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मॅनेजरशी बोललो. खारपाणपट्टा ताईंचा अनुभव वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, शीट नको. स्प्रिंट वाढवण्याचाही विषय संपला. अर्ध्या पॉइंटवर मात्र दोन बैठका गेल्या. शेवटी तीन स्प्रिंट करून पाहू असं ठरलं.

उघड्या स्टोरी चारच. पहिल्या आठवड्यात फार जड गेलं. हातातली स्टोरी टेस्टिंगला गेली आणि नवीन उघडायची नाही, तर करायचं काय, असं पुण्याच्या एकाने विचारलं. त्याला टेस्टरजवळ बसवलं. त्याने त्या दिवशी स्वतःच्याच कोडातल्या तीन चुका पकडल्या. पहिल्या स्प्रिंटला १८ पॉइंट पूर्ण, दोन स्टोरी राहिल्या. दुसऱ्याला २३, एक राहिली. तिसऱ्याला २२, एक राहिली. प्रत्येक वेळी उरलेली स्टोरी बॅकलॉगला पाठवून सोमवारी प्रॉडक्ट ओनरला विचारलं. दोनदा ती लगेच परत आली. पण एसएमएसच्या स्टोरीवर शेतकरी कंपनीचे लोक म्हणाले, 'आमचे शेतकरी पावतीचा फोटो काढून ठेवतात, एसएमएस पुढच्या वर्षी पाहू.' त्या स्टोरीवर आमचे आधीच सहा दिवस गेले होते. ब्रँच मोडली, चार ओळी लिहून ठेवल्या.

पावती छापून निघाली. गेल्या बुधवारी जिनिंगच्या काट्यावर जाऊन पाहिलं. कापूस नाहीच अजून, म्हणून काटेवाल्याने खताची गाडी वजन करून पावती काढली. ती पावती मी घरी आणलीय. केबल एका काट्याला जोडली, दुसऱ्याचं काम चालू आहे.

आता एक अडचण. पुढच्या स्प्रिंटमध्ये पोळा येतो. आम्ही इकडची तिघं पोळा आणि तान्हा पोळा असे दोन दिवस नाही. मॅनेजर म्हणतात दोन दिवसांनी काय होतं, नेहमीइतकंच घ्या. किती घ्यावं?

संत्र्याची_बाग_मोर्शी | रविवार, दुपारी १२:०५

तीन स्प्रिंटची सरासरी २१. सात जण दहा दिवस म्हणजे ७० माणूस-दिवस, त्यातून तिघांचे दोन-दोन म्हणजे ६ गेले, राहिले ६४. २१ गुणिले ६४ भागिले ७०, १९ च्या आसपास येतं. फोनवाल्या माणसाचे दिवस वेगळे वजा करू नका, ते सरासरीत आधीच आलेत.

काळीमाती | रविवार, दुपारी १२:३०

१९ च्या आत घ्या. आणि दुसऱ्या काट्याच्या केबलची स्टोरी पोळ्याच्या आधी संपेल अशी लावा. बैल धुवायला गेलेल्या माणसाला फोन लागत नाही.

अरुणावतीकाठ | रविवार, दुपारी १२:४४

१८ घेतो. केबल सोमवारीच उघडतो, दारव्ह्याचा मित्र आणि मी दोघं मिळून.